नंबराचे दगड

लायनींच्या मधोमध जे मोकळं मैदान होतं, त्याला सगळे ‘टँकर’ म्हणत. नवख्याला काही उमगायचं नाही. पोरगं कुठंय म्हणून विचारलं की आई सांगायची, टँकरवर खेळायलंय. पाहुणा मान उंचावून टँकर शोधायचा. त्याला दिसायचा नुसता धुरळा, त्यात लंगडी घालणारी पोरं, आणि कडेला बसून ज्वारी निवडणाऱ्या बायका.

बहात्तरच्या दुष्काळात तिथं पाझर तलावाचं काम निघालं. लांबून आलेल्या मजुरांसाठी सरकारनं चारी बाजूंनी पत्र्याच्या खोल्यांच्या लायनी उभ्या केल्या आणि मध्ये पाण्याचा टँकर वळेल एवढी जागा सोडली. पोरांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. तो असता तर एवढी मोठी जागा सुटलीच नसती. पुढं तलाव झाला, पाऊसही झाला, अर्धी माणसं आपापल्या गावी परतली. उरलेली तिथंच राहिली, कारण तेरच्या रस्त्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याला हात लागत होते. टँकर यायचा बंद झाला, नाव तेवढं राहिलं.

आणि दगड राहिले. टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा, आणि बाईला तर खडी फोडायला जायचं असायचं. घागर ठेवावी तर चोरीला जायची. म्हणून जिनं तिनं आपला एकेक दगड नंबराला ठेवलेला. दगड ओळीत असला की बाई ओळीत आहे असं धरायचं. दुसरीच्या दगडाला हात लावायचा नाही, हा लायनीतला कायदा. आल्या दिवसापासून दगडांच्या ओळी मात्र दोन होत्या. टँकरच्या नळीला काही दोन तोंडं नव्हती, पण ईट, भूम या गावांकडून आलेल्या बौद्धांच्या बायकांचे दगड वेगळे, बाकीच्यांचे वेगळे. टँकर बंद झाल्यावर त्या जागेत पोरं खेळायला लागली, आणि खेळता खेळता त्यांनी त्या दोन ओळी कधी एकात एक करून टाकल्या, ते मोठ्यांना कळलंही नाही. आता उन्हाळ्यात एकुलत्या नळापुढं एकच ओळ लागायची.

त्या ओळीतला चुन्याचा डाग असलेला काळा दगड मथुराबाईचा. तिची खोली अशी होती की उंबऱ्यावर बसलं की सगळं टँकर नजरेत यायचं. संध्याकाळी ती तिथं बसायची. हाताला काही काम नसायचं, कुणाशी गप्पा नसायच्या. पोरं बघत बसायची. तिची नात गुलाब, सहा-सात वर्षांची, खेळून दमली की येऊन तिच्या मांडीवर डोकं टाकायची. मथुराबाई तिच्या डोक्यावर हात ठेवायची, पण डोळे मैदानावरच. सून हरणाबाई कधीमधी नवऱ्याला म्हणायची, ‘‘आत्याबाय पोरं राखायल्यात का मोजायल्यात?’’  बाबूला कारण ठाऊक होतं.

बाबूला एक धाकटी बहीण होती. चांगुणा. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मथुराबाई खडी फोडायला जायची आणि पोरीला बरोबर न्यायची. त्या माळावर झाड नव्हतं. सावली म्हणाल तर एकच, खडी भरायला येऊन उभ्या राहणाऱ्या ट्रकची. कामावरची सगळी बारकी पोरं त्या सावलीत बसायची, सुकडी खायची, खडीचे तुकडे घेऊन गजगे खेळायची. एके दिवशी ड्रायव्हर पाणी प्यायला गेला आणि उतारावरचा ट्रक मागं सरकला. बाकीची पोरं उठून पळाली. चांगुणानं खडा वर उडवला होता, ती तो झेलत होती.

अख्खा डोंगर फोडून तिथं खडी करत होते, आणि त्या चाकामागं एक दगड कुणी लावला नव्हता.

मथुराबाई तेव्हा रडली की नाही हे कुणाला आठवत नाही. चौथ्या दिवशी ती कामावर गेली, एवढं आठवतं. पुढं नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हाही ती तशीच. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं तिला स्वतःचं जगणंच आपलं वाटत नव्हतं. लायनीत राहायची एक गोष्ट तेवढी तिला बरी वाटायची. इथं पोरं चारी बाजूंनी घरांच्या आत होती. आत गाडी येत नव्हती.

आता त्या लायनी पाडायच्या ठरल्या.

वैशाखात कारखान्याचे चेअरमन आबाराव जीपमधून आले, बाजेवर बसले, चहा घेतला. माणूस तसा वाईट नव्हता. भाषणाची आवड होती, पण ती कुणाला नसते? म्हणाले, ‘‘कारखान्याची घरबांधणी सोसायटी मंजूर झाली. वर स्लॅब, खाली फरशी, मागं संडास. पत्रा तापतोय, पत्रा उडतोय, ही रड आता बंद.’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग एकेकाला शंका सुचायला लागल्या. काम चालू असताना राहायचं कुठं? एवढ्याशा खोलीत म्हातारी निजल्यावर लेक-सुनेनं जायचं कुठं? शेळी बांधायची कुठं? आबाराव न चिडता उत्तरं देत होते. ‘‘लायनी लगीच पाडायच्या न्हायत. आधी मधल्या मोकळ्या जागेत खोल्या बांधायच्या. तुम्ही त्यात गेलात की मग जुन्या लायनी काढायच्या, तिथं गोदाम आन् ऑफिस. एकालाबी उघड्यावर निजावं लागणार न्हाय.’’

‘‘आन् पोरं?’’ बानूबाईनं विचारलं. ती धनगराची, मथुराबाईची भिंतीला भिंत लागून शेजारीण. नवरा बब्रुवान मेंढरं विकून कारखान्यात गव्हाणीवर, ऊस टाकायच्या कामाला लागला होता. ‘‘पोरं कुठं खेळायची?’’

‘‘रस्त्यापल्याड मैदान देतोय की, मावशी. झोपाळा बसवू. घसरगुंडी बसवू.’’

‘‘रस्त्यानं उसाच्या गाड्या न्हाय का येत?’’

‘‘हंगामापुरत्या येतात. बारा महिने थोड्याच येतात?’’

मथुराबाई कधी बैठकीत बोलल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. ती उभी राहिली तेव्हा लोकांना वाटलं घरी निघाली. ती म्हणाली, ‘‘मधली जागा ऱ्हाऊ द्या, चेरमनसायेब. खोली ल्हान द्या. न्हाय दिली तरी चालंल.’’

‘‘न्हाय दिली तरी चालंल म्हंजी?’’ बाबू मागून खेकसला. ‘‘माय, खाली बस तू.’’

ती बसली नाही. आबारावांनी तिच्याकडं बघितलं. त्यांना तिची गोष्ट माहीत होती, तालुक्यात अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘सोमवारी आपले ओव्हरसियर येतील. तुम्ही सगळ्यांनी मिळून जागेचं काय ते त्यांना दाखवा. तुमच्या मनाविरुद्ध एक टिकाव पडणार न्हाय.’’

शब्द मोठा होता. त्या संध्याकाळी लायनीत दुसरा विषय नव्हता. मधली जागा सोडायची नाही, यावर बायकांचं एकमत झालं. पुरुषांचंही झालं, बायकांचं झाल्यावर. अडचण होती ती सोमवारची. बायकांना शेतात धसकटं वेचायला जायचं होतं, पुरुषांची कारखान्यात दुरुस्तीची पाळी होती. ओव्हरसियर कधी येणार कुणास ठाऊक, त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसायचं तर दिवस बुडणार. थांबणार कोण?

‘‘दगड ठिवू की,’’ मथुराबाई म्हणाली.

सगळ्यांना ते एकदम पटलं. इतकं पटलं की आधी कसं सुचलं नाही म्हणून लोक हसले. दगड ठेवला की माणूस तिथं असतो. जिची तिची जागा धरलेली असते, तिथं दुसरा कुणी शिरत नाही. लायनीतल्या शेंबड्या पोराला हे कळत होतं, मग शिकलेल्या ओव्हरसियरला कळणार नाही होय? सोमवारी तांबडं फुटताना सगळ्या घरच्यांनी आपापला दगड आणून टँकरवर मांडला. नळाच्या अंगाला सुरुवात करून पार पलीकडच्या लायनीपर्यंत, दोन दगडांत हातभर नव्हे, चांगलं ऐसपैस अंतर ठेवून, म्हणजे सगळं मैदान धरलं जाईल. मथुराबाईनं आपला काळा दगड कोपऱ्यावर ठेवला आणि पदरानं त्याची धूळ पुसली. किती वर्षांनी तिला काहीतरी करावंसं वाटलं होतं.

ओव्हरसियर शांतलिंग दुपारी आला. तरणा पोरगा, नोकरीला नवा. लायनीत म्हातारी माणसं झोपलेली आणि पोरं तेवढी जागी. त्यानं ती दगडांची ओळ बघितली आणि त्याला बरं वाटलं. त्याच्या कामात दगड ठेवला म्हणजे हद्द. लोकांनी आपापले प्लॉट आपसांत वाटून, भांडणतंटा न करता, सरळ रेषेत आखून ठेवले होते. असली शहाणी माणसं त्याला पुन्हा कुठं भेटणार होती? त्यानं गुलाबला जवळ बोलावून विचारलं, ‘‘बाळ, हा दगड कुणाचा?’’

‘‘बानूआजीचा.’’

‘‘आणि हा?’’

गुलाबनं एकही चुकवला नाही. प्रत्येक दगडाचा धनी तिनं उड्या मारत सांगितला. शांतलिंगनं तिला खिशातली लेमनगोळी दिली आणि बरोबरच्या माणसाला चुन्याची फक्की टाकायला सांगितली.

संध्याकाळी बायका शेतातून आल्या तेव्हा टँकरवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. दगडापासून दगडापर्यंत, चौकोन. गुलाब पळत आजीकडं आली. ‘‘आजे, म्याच सांगितलं सायबाला, कुनाचा कंचा दगड त्ये. आपली खोली कोपऱ्यावर हाय!’’

मथुराबाई रेघेच्या अलीकडं उभी राहिली. काहीतरी वाटायला हवं होतं. तिनं वाट बघितली. काही वाटलं नाही. तिनं गुलाबच्या तोंडाला लागलेली लेमनगोळी पुसली आणि ती चूल पेटवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी लोक कारखान्यावर गेले. आबारावांनी सगळं ऐकून घेतलं. शांतलिंग शेजारी उभा होता, त्याचा चेहरा उतरला. ‘‘मला खरंच वाटलं, तुम्ही प्लॉट धरलेत,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्यात दगडाचा अर्थ तोच.’’ आबाराव म्हणाले, ‘‘बदलतो. तुम्ही म्हणाल तर आत्ता बदलतो. पर नकाशा परत वर जाईल, त्याला वर्षही लागंल न् दोनही. सिमेंट परमिटवर आलंय, गोदामात पडलंय. एक पाऊस लागला की त्याचा गोटा झाला म्हणून समजा. मग खोल्या कधी, ते माझ्या हातात न्हाय.’’

लोक गप्प परत आले. खरं सांगायचं तर गप्प राहायला एवढंच कारण नव्हतं. पांढऱ्या चौकोनात आपला दगड बघितल्यापासून जो तो मनात घर बांधायला लागला होता. इथं चूल, इथं कणगी, इथं पाहुणा आला तर बाज. नळाजवळच्या दगडवाल्या बायका तर नशीब काढल्यासारख्या चालत होत्या. बब्रुवाननं रात्रीतून पावलं टाकून चौकोन मापून बघितला, हे बानूबाईनंच सांगितलं. सांगताना तिला लाज वाटत होती. ‘‘मथुराबाय, आता आखलंच हाय तर... पत्र्याखाली किती जल्म काढायचे आपुन? तुमी रागावू नगा.’’

‘‘न्हाय,’’ मथुराबाई म्हणाली.

‘‘पोरं काय, हंगामात जरा ध्यान ठिवू त्यांच्यावर.’’

‘‘व्हय.’’

बानूबाईला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. बाबूही त्या दिवसांत आईशी गोड बोलायला लागला होता. कोपऱ्यावरची खोली, दोन अंगाला खिडक्या, वारं खेळतं राहील म्हणायचा. मथुराबाई ऐकायची, त्याला भाकरी वाढायची. ‘दगड ठिवू की’ हे तिचंच बोलणं होतं. तेवढे तीन शब्द तिला दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचे, भाकरी थापताना, धुणं धुताना, आणि प्रत्येक वेळी ते दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटायचं.

मृगाच्या आधी पाया खणायला सुरुवात झाली. पोरांना आठ-पंधरा दिवस मजा आली. खड्ड्यांत लपाछपी झाली, मातीच्या ढिगांवरून घसरणं झालं. मग जोतं वर आलं, भिंती आल्या, आणि गवंड्यांनी पोरांना हाकललं. खणताना निघालेले नंबराचे दगड मजुरांनी जुन्या लायनीच्या कडेला एकावर एक टाकून दिले होते. घर पक्कं होत असताना दगडाची आठवण कुणाला यायची?

रस्त्यापल्याडचं मैदान होतं. आबारावांनी तिथं झोपाळाही खरंच बसवला, शब्दाचा माणूस. झाड मात्र एकही नव्हतं, नुसता मुरूम. दिवाळी सरली, भोंगा झाला, कारखाना पेटला आणि रस्त्यानं ऊस सुरू झाला. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक. काट्यावर वजनाला जायचा नंबर दुपार-दुपार लागायचा नाही. गाड्यांची रांग काट्यापासून पार तेरच्या रस्त्यावर, उताराच्या अंगानं मागं मागं जायची. ड्रायव्हर गाडी उभी करून चहाला जायचे, पत्ते कुटायचे, मागच्या ढाब्यावर पडायचे.

हिवाळा असला तरी दुपारी ऊन तापायचं. पोरं झोपाळ्यावर दोन झोके घ्यायची आणि सावलीला यायची. त्या माळावर सावली म्हणाल तर एकच होती.

मथुराबाईनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती शेतातून येत होती. डोक्यावर वैरणीची पेंढी होती. ट्रकच्या मागच्या चाकांना टेकून पोरं बसली होती आणि मध्ये गुलाब गजगे खेळत होती. तिनं खडा वर उडवला.

मथुराबाईच्या डोक्यावरची पेंढी कधी पडली तिला कळलं नाही. ती पळाली नाही, ओरडली नाही. ती सरळ जुन्या लायनीच्या कडेला गेली, दगडांच्या ढिगातून आपला चुन्याच्या डागाचा काळा दगड काढला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून रस्त्यावर आणला आणि त्या ट्रकच्या चाकामागं लावला. लाथेनं घट्ट बसवला. मग पुढच्या ट्रकसाठी दुसरा आणायला गेली. अंधार पडेपर्यंत ती ये-जा करत होती. घामानं भिजली, हाताची सालटं निघाली.

एका ट्रकचा ड्रायव्हर आला, सोलापूरकडचा. नंबर पुढं सरकला होता आणि मागं दगड. ‘‘ए म्हातारे! काय करायलीस? गाडीला ब्रेक हाय की!’’

मथुराबाईनं त्याच्याकडं बघितलं. ‘‘व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘त्याबी गाडीला व्हता.’’

ड्रायव्हर हसायच्या बेतात होता. तिचं तोंड बघून त्याचं हसू जिथल्या तिथं राहिलं. तो गुपचूप गाडीत चढला, आणि गाडी पुढं सरकून पुन्हा उभी राहिली तेव्हा तिनं दगड उचलून पुन्हा चाकामागं लावला.

दुसऱ्या दिवशीही ती गेली. शेतात जायचं तिनं सोडलं. लोक म्हणाले, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. बाबूनं एकदा तिला हाताला धरून घरी आणलं, ती आली, जेवली, आणि पुन्हा गेली. तो मागोमाग रस्त्यावर आला, लहान पोरांसमोर ओरडता येईना, म्हणून तिथंच खाली बसून रडला. त्याला बहीण आठवत होती. मथुराबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि डोळे रस्त्याच्या रांगेवर होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बानूबाई आली.  ढिगातून तिनं आपला तांबूस दगड ओळखून काढला होता, तो तिनं दुसऱ्या ट्रकच्या मागं लावला आणि पदर खोचून शेजारी बसली. मग हळूहळू आणखी बायका यायला लागल्या. ज्यांना शेतात जायचं असेल त्या सकाळी आपला दगड आणून ठेवायच्या, बाकीच्यांनी गाडीगणिक तो पुढं न्यायचा. दगडाला हात लावायचा नाही हा कायदा तेवढा मोडला. पोरांना सावलीतून हाकलून बघितलं, पण पोरं ती, पुन्हा येऊन बसायची.

संक्रांतीनंतर खोल्या तयार झाल्या. आबाराव आले, त्यांनी हार घालून घेतले, मांडव पडला, पेढे वाटले, एकेकाचं नाव पुकारून चावी द्यायला सुरुवात झाली. शांतलिंग कडेला उभा होता, पण त्याचं लक्ष रस्त्याकडं होतं. कोपऱ्यावरची खोली मथुराबाईच्या नावानं होती. नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. सगळे मागं वळून बघायला लागले.

बाबू रस्त्यावर पळत आला. मथुराबाई एका ट्रकच्या चाकाशी बसली होती, हात दगडावर. पलीकडं सावलीत गुलाब आणि बब्रुवानचा नातू गजगे खेळत होते.

‘‘माय, ऊठ. चेरमन तुजं नाव पुकारायलेत. चावी घ्यायचीय. समदे थांबलेत.’’

तिनं रांगेकडं बघितलं. काट्याकडं जायला अजून बऱ्याच गाड्या पुढं होत्या.

‘‘हितला नंबर लागू दे,’’ ती म्हणाली. ‘‘मग येते.’’